स्वस्त चहाचे बंड

१६ डिसेंबर १७७३. बोस्टन शहरातल्या ओल्ड साउथ मीटिंग हाउस या प्रार्थनागृहात सुमारे पाच हजार माणसे जमली होती. सगळ्या शहराची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गर्दीचा अर्थ कळतो. बंदरात चहाच्या पेट्या घेऊन तीन जहाजे उभी होती. नियम असा होता की, जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत मालावरची जकात भरली नाही, तर जकात अधिकारी माल जप्त करणार. ‘डार्टमाउथ’ या पहिल्या जहाजाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. जकात भरायची नाही आणि चहा उतरवायचाही नाही, असा लोकांचा निर्धार होता. चहा आहे तसा इंग्लंडला परत जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी. जहाजाचा मालक परवाना मागायला गव्हर्नर थॉमस हचिन्सनच्या गावाबाहेरच्या घरी गेला होता. संध्याकाळी तो परतला. गव्हर्नरने परवाना नाकारला होता.

पुढचे चित्र शाळेच्या पुस्तकातून आपल्या परिचयाचे आहे. मोहॉक आदिवासींचा वेश केलेली माणसे ग्रिफिन धक्क्यावर गेली. तीनेक तासांत चहाच्या सुमारे ३४० पेट्या फोडून त्यांनी समुद्रात ओतल्या. वजन ९२ हजार रत्तलांहून अधिक, म्हणजे आजच्या हिशेबाने ४० टनांच्या वर. किंमत साडेनऊ हजार पौंडांहून जास्त. जहाजांवरच्या इतर मालाला कोणी हात लावला नाही. एक कुलूप तुटले होते, तर त्याच्या बदल्यात नवे कुलूप आणून दिले गेले.

चित्र परिचयाचे असले, तरी त्याखाली लिहिलेली ओळ चुकीची आहे, असे मला वाटत आले आहे. ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, म्हणून अमेरिकन लोकांनी बंड केले’ असे आपण पाठ केले. प्रत्यक्षात १७७३च्या कायद्याने वसाहतींमध्ये चहावरचा कर एका पैशानेही वाढला नव्हता. उलट, त्या कायद्यामुळे चहा स्वस्त होणार होता. चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहालाही तो भारी पडण्याची शक्यता होती. मग स्वस्त चहा समुद्रात ओतणारी ही माणसे कोण होती, आणि त्यांना नेमके काय नको होते? या प्रश्नाचा माग काढत मागे दहा वर्षे गेले, की त्या क्रांतीची गोष्ट वेगळी दिसू लागते.

भाऊबंदकी

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘वसाहत’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपलाच अनुभव येतो: परका राज्यकर्ता आणि इथली जनता. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींची स्थिती तशी नव्हती. तिथले वसाहतकार हे बहुतांशी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, जर्मनी अशा ठिकाणांहून आलेल्या लोकांचे वंशज होते. आपल्या जागी बसवायचेच झाले, तर तिथे आपल्या जागी होते ते तिथले मूळ रहिवासी, ज्यांच्या जमिनीवर या वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतकार स्वतःला राजाचे इंग्रज प्रजाजन समजत, आणि इंग्रज माणसाला जे हक्क लंडनमध्ये आहेत, तेच आपल्याला बोस्टनमध्ये आहेत असे धरून चालत. त्यामुळे सुरुवातीला हे भांडण गुलाम आणि मालक यांच्यातले नव्हतेच. ती भाऊबंदकी होती. थोरल्या घराने धाकट्या घराच्या तिजोरीत हात घातला, तेव्हा ती पेटली.

ही तिजोरी म्हणजे प्रत्येक वसाहतीची निवडून आलेली विधानसभा. लंडन तीन हजार मैल दूर. शिडाच्या जहाजाला जायला सहा-आठ आठवडे लागत. त्यामुळे शंभरएक वर्षे लंडनने फारसे लक्ष घातले नव्हते. व्यापाराचे नियम कागदावर होते, पाळले जात होतेच असे नाही. या काळात विधानसभांनी एक किल्ली आपल्या हाती ठेवली होती. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेला असे, पण मॅसॅच्युसेट्ससारख्या वसाहतींत त्याचा पगार विधानसभा मंजूर करी, आणि तोही वर्षाच्या बोलीने. गव्हर्नर डोईजड झाला, की पगार अडे. लोकांच्या स्वातंत्र्याची सगळी भिस्त या साध्या व्यवस्थेवर होती. पुढच्या सगळ्या घटना समजायच्या, तर हा पगाराचा मुद्दा सोडून चालत नाही.

युद्धाचे बिल

१७५६ ते १७६३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जगभर युद्ध झाले. बंगाल, कर्नाटक, कॅनडा, कॅरिबियन बेटे अशी त्याची रणांगणे होती. इंग्लंड जिंकले. फ्रान्सच्या हातून कॅनडा गेला. पण या विजयाने इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात जाऊन पोहोचले. आता अमेरिकेच्या सरहद्दीवर सुमारे दहा हजार सैन्य ठेवायचे ठरले. ते ज्यांच्या रक्षणासाठी, त्यांनी खर्चाचा काही वाटा उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचे म्हणणे. हिशेबी माणसाला ते योग्यच वाटेल. इंग्लंडमधला करदाता कराखाली वाकला होता. त्याच्या मानाने वसाहतकार कितीतरी पटींनी कमी कर भरत होते.

पण फ्रेंच गेल्यावर सैन्य हवेच कशाला, हा वसाहतकारांचा प्रश्न होता. १७६३च्या ऑक्टोबरात राजाच्या जाहीरनाम्याने ॲपलॅचियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायला मनाई झाली. मूळ रहिवाशांशी नव्या लढाया ओढवू नयेत, हा त्यामागचा हेतू. ज्या जमिनीसाठी आपण लढलो, तीच आपल्याला बंद, असे वसाहतकारांना वाटले. यात डोंगर ओलांडून जाणारे गरीब शेतकरी होते, तसे जमिनीच्या सट्ट्यात पैसे गुंतवलेले व्हर्जिनियाचे जमीनदारही होते. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांपैकीच एक. क्रांतीच्या मुळाशी केवळ तत्त्व होते असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल.

१७६४मध्ये साखरेचा कायदा आला. कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या परदेशी मळीवर पूर्वी गॅलनमागे सहा पेन्स कर होता. न्यू इंग्लंडमध्ये या मळीपासून रम बनत असे. नव्या कायद्याने तो कर तीन पेन्सांवर आणला. कर निम्मा झाला आणि लोक खवळले! कारण जुना कर कोणी भरतच नव्हते. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडे टेकवले की काम होई. नवा कर मात्र खरोखर वसूल होणार होता. चोरटा व्यापार करणाऱ्यावरचे खटले हॅलिफॅक्ससारख्या दूरच्या नौदल न्यायालयात चालणार, तिथे ज्यूरी नसणार. शिवाय कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिले होते की, हा कर महसूल उभा करण्यासाठी आहे. व्यापाराचे नियमन आणि महसूल यांतला फरक लोकांनी नेमका टिपला.

स्वस्त चहाची गोष्ट खरे तर इथेच सुरू होते. लंडनने कर कमी केला, तेव्हा त्याला वाटले आपण सवलत दिली. वसाहतीला दिसले की, जो हात आजवर सैल होता तो आता आवळला जातो आहे.

मुद्रांक

मार्च १७६५मध्ये मुद्रांक कायदा मंजूर झाला. स्टॅम्प पेपरची सवय असलेल्या आपल्याला त्यात विशेष काही वाटणार नाही. खरेदीखते, कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, पत्त्यांचे जोड, फासे, या सगळ्यांवर मुद्रांक हवा. इंग्लंडमध्ये असा कर पूर्वीपासून होता. पण त्याचा भार वसाहतीत कोणावर पडणार होता ते पाहा: वकील, छापखानेवाले, व्यापारी, दारूचे गुत्तेदार. म्हणजे ज्यांना बोलता येते, लिहिता येते, छापता येते आणि ज्यांच्या दुकानात माणसे जमतात, नेमकी तीच मंडळी सरकारने एका फटक्यात दुखावली.

१४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये मुद्रांक वाटण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. २६ ऑगस्टच्या रात्री जमावाने हचिन्सनचे घर लुटले. तो तेव्हा उपगव्हर्नर होता. हा हचिन्सन बोस्टनमध्येच जन्मलेला. मॅसॅच्युसेट्सचा इतिहास त्याने लिहायला घेतला होता. त्या इतिहासाच्या हस्तलिखिताची पाने रस्त्यावरच्या चिखलात फेकली गेली. विशेष म्हणजे, खाजगीत तो मुद्रांक कायद्याच्या विरोधातच होता. जमावाला असले बारकावे कळत नाहीत. स्वातंत्र्याच्या कथेत हे पानही ठेवायला हवे. या दंगलींच्या धाकाने नेमलेल्या वितरकांनी एकामागून एक राजीनामे दिले, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा मुद्रांक विकायला जवळपास कोणी उरले नव्हते. दरम्यान ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला एकत्र बसले. एरवी हद्दींवरून भांडणाऱ्या वसाहतींना लंडननेच एका सतरंजीवर आणून बसवले, असे म्हणावे लागते.

वाद आता एका शब्दाभोवती फिरू लागला: प्रतिनिधित्व. आमचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाही, तर आमच्या खिशातून पैसे घेण्याचा अधिकार पार्लमेंटला कोठून आला? सरकारी बाजूचे उत्तर हजरजबाबी होते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांचा तरी कुठे प्रतिनिधी आहे? पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. तुमचे प्रतिनिधित्व अप्रत्यक्षपणे होतेच. मेरीलँडचा वकील डॅनियल ड्युलानी याने या युक्तिवादाची चिरफाड केली. इंग्लंडमध्ये मत नसलेल्या माणसावर जो कर बसतो, तोच कर मत असलेल्या त्याच्या शेजाऱ्यावरही बसतो. त्यामुळे दोघांचे हित एकत्र बांधलेले असते. अमेरिकेवर बसवलेला कर मात्र इंग्लंडमधल्या मतदाराचा बोजा हलका करतो. तिथे एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा. हा प्रतिनिधी मग आमचा कसा?

इंग्रजी मालावर बहिष्कार पडला, लंडनच्या व्यापाऱ्यांनीच ओरड केली, आणि मार्च १७६६मध्ये मुद्रांक कायदा रद्द झाला. पण त्याच्या जोडीला पार्लमेंटने एक घोषणा कायदा केला: वसाहतींना बांधील असे कायदे कोणत्याही बाबतीत करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पैसे सोडले, हक्क ठेवला. वरच्या सभागृहात या घोषणेविरुद्ध केवळ पाच उमरावांनी मत दिले. त्यांत सत्तावीस वर्षांचा एक तरुण होता, लॉर्ड कॉर्नवॉलिस. पंधरा वर्षांनी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला त्याच्याच सैन्याने वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेवली. १७८६मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला, आणि १७९३चा बंगालचा कायमधारा त्याच्या नावावर आहे.

पगार कोण देतो?

१७६७मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउन्शेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर जकात बसवली. अंतर्गत कराला वसाहतींचा आक्षेप आहे ना, मग बंदरावर घेऊ, असा त्याचा चतुर विचार. पण कायद्यातला खरा डंख वेगळा होता. या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे होते. म्हणजे जी किल्ली विधानसभेच्या कनवटीला होती, ती काढून घेतली जाणार. पगार लंडनमधून मिळू लागल्यावर गव्हर्नर लोकांचे ऐकेल कशाला? आणि न्यायाधीश निकाल कोणाकडे बघून देईल? पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने एका शेतकऱ्याची पत्रे म्हणून जी पत्रमाला लिहिली, तिने हा धोका गावोगाव पोहोचवला. रक्कम लहान आहे म्हणून गाफील राहू नका, असे त्याचे सांगणे होते. लहान रक्कम मुद्दामच असते. ती एकदा मुकाट्याने दिली, की हक्क सिद्ध होतो.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. बोस्टनमध्ये नवे जकात मंडळ बसले, त्याच्या संरक्षणाला १७६८च्या ऑक्टोबरात फौज उतरली. ५ मार्च १७७० रोजी जकात कचेरीसमोर जमाव आणि शिपाई यांची चकमक होऊन गोळीबारात पाच जण मेले. त्यात क्रिस्पस ॲटक्स हा कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचा खलाशी होता. आरोपी शिपायांचे वकीलपत्र जॉन ॲडम्सने घेतले. पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोच हा ॲडम्स. कप्तान आणि सहा शिपाई निर्दोष सुटले, दोघांना सौम्य शिक्षा झाली.

योगायोग असा की, त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने टाउन्शेंडची जकात रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. सगळी जकात, पण चहावरची सोडून. चहाची जकात ठेवावी की नाही, यावर आदल्या वर्षी १ मे १७६९ रोजी मंत्रिमंडळात मतदान झाले होते. पाच विरुद्ध चार. ती ठेवण्यामागे उत्पन्नाचा विचार दुय्यम होता. हक्काची खूण म्हणून ती ठेवली गेली. रत्तलाला तीन पेन्स. एका मताने राहिलेले हे तीन पेन्स साम्राज्याला किती महाग पडले, ते पुढे दिसतेच. मधल्या काळात बोस्टन वरवर शांत झाले. पण १७७२मध्ये हचिन्सनने जाहीर केले की, यापुढे त्याचा पगार राजाकडून येईल. वरिष्ठ न्यायाधीशांच्या बाबतीतही तेच ठरल्याची बातमी आली. हा पैसा येणार होता चहाच्या जकातीतून. सॅम्युएल ॲडम्सने त्याच नोव्हेंबरात बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती उभी केली, आणि गावागावांना पत्रे जाऊ लागली.

कंपनीचा चहा

इथे या गोष्टीत ईस्ट इंडिया कंपनी येते. तो चहा आसामचा असावा अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते. तसे नाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला तो १८३९मध्ये. बोस्टनला बुडाला तो सगळा चिनी चहा होता. पण त्या चहाच्या पेट्या बोस्टनपर्यंत ढकलणारे संकट मात्र बरेचसे बंगालमधले होते.

१७६५मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनीच्या भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला. सरकारनेही कंपनीकडून वर्षाला चार लाख पौंड वसूल करायला सुरुवात केली. मग १७६९-७०चा बंगालचा भीषण दुष्काळ आला. त्या दुष्काळातही कंपनीने महसुलाची वसुली सोडली नाही. लष्करी खर्च आणि नोकरांची लूट यांनी कंपनी आतून पोखरली होतीच. १७७२मध्ये लंडनची सावकारी पेढ्यांची साखळी कोसळली आणि कंपनी कर्जासाठी सरकारच्या दारात उभी राहिली. गोदामांत तेव्हा पावणेदोन कोटी रत्तलांच्या आसपास चहा पडून होता.

१७७३मध्ये पार्लमेंटने कंपनीला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले. सोबत दोन कायदे केले. रेग्युलेटिंग ॲक्टने कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर देखरेख आणली, तर चहाच्या कायद्याने तुंबलेल्या मालाला वाट करून दिली. आता कंपनीला चहा थेट अमेरिकेत, आपल्या निवडक अडत्यांमार्फत विकता येणार होता; इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळणार होती. त्यामुळे किंमत उतरली. अमेरिकेतली तीन पेन्सांची जकात मात्र तशीच राहिली. ती काढली नाही, तर ते लोक चहा घेणार नाहीत, असा इशारा विरोधी पक्षाच्या विल्यम डाउड्सवेलने सभागृहात दिला होता. लॉर्ड नॉर्थने तो मानला नाही. स्वस्त वस्तू कोणी नाकारील, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

वसाहतीत वेगवेगळ्या लोकांना या चहात वेगवेगळे विष दिसले. डच चहा चोरून आणणाऱ्यांचा धंदा बसणार होता. प्रामाणिक व्यापारी अडत्यांच्या यादीत नसल्यामुळे बाजूला पडणार होते. बोस्टनच्या अडत्यांत तर हचिन्सनचे दोन मुलगेच होते. आणि जे विचार करत होते त्यांना दिसले की, हा चहा विकत घेणे म्हणजे जकात भरणे, आणि जकात भरणे म्हणजे आपल्याच गव्हर्नरला आपल्यापासून तोडण्यासाठी पैसे देणे. १७७३च्या नोव्हेंबरात डिकिन्सनने टोपणनावाने एक पत्रक काढले. कंपनीने आशियात काय केले ते आठवा, असे त्याने लिहिले. बंगालमध्ये एका वर्षात पंधरा लाख माणसे अन्नावाचून मेली, कारण कंपनी आणि तिच्या नोकरांनी धान्य आपल्या मुठीत ठेवले. आता तीच कंपनी नजर आपल्याकडे वळवते आहे. बंगालच्या शेतकऱ्याचे मरण फिलाडेल्फियाच्या छापखान्यात असे पोहोचले होते. बंगालविषयीच्या करुणेपेक्षा त्यात स्वतःविषयीची भीती अधिक होती, हे खरे. तरी दोन टोकांच्या लोकांना एकच यंत्र दळते आहे, हे कोणाला तरी दिसले होते.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून चहाची जहाजे परतवली गेली. चार्ल्सटनला चहा गोदामात कोंडला गेला. बोस्टनमध्ये हचिन्सन अडून बसला आणि चहा समुद्रात गेला.

पहिली गोळी सुटण्यापूर्वी

लंडनने शिक्षा दिली ती साऱ्या शहराला. १ जून १७७४पासून, चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून सल्लागार मंडळाची नेमणूक राजाच्या हाती गेली. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच भरवता येणार, ज्यूरी सरकारी अधिकारी निवडणार. बंदराच्या शिक्षेने व्यापारी पोळले असते. गावसभेवरच्या बंधनाने आतल्या खेड्यांतला शेतकरी उठला. त्याच्या दृष्टीने गावसभा म्हणजे रस्ता, शाळा, धर्मोपदेशकाचा पगार, सगळे काही. तिथे आता सरकार बसणार होते.

६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर या गावी जे घडले, ते चहाच्या प्रसंगाइतके प्रसिद्ध नाही, पण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्या दिवशी नव्या कायद्याखाली कोर्ट बसणार होते. आसपासच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसे आपापल्या तुकड्या करून आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. न्यायाधीश आणि कोर्टाचे अधिकारी, सुमारे दोन डझन, हातात टोपी घेऊन त्या रांगांमधून चालले, आणि प्रत्येक तुकडीला ऐकू जावे म्हणून आपण काम सोडत असल्याचे पुन्हा पुन्हा वाचत गेले. एकही गोळी सुटली नाही. बोस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समधून राजाचा अंमल त्या पंधरवड्यात जवळजवळ नाहीसा झाला. लेक्सिंग्टनची लढाई अजून सात महिने दूर होती.

त्याच आठवड्यात फिलाडेल्फियात बारा वसाहतींची पहिली काँग्रेस भरली. तिने बहिष्काराची अंमलबजावणी गावोगावच्या समित्यांकडे दिली. कोण चहा पितो, कोण इंग्रजी कापड विकतो, हे या समित्या पाहू लागल्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटनच्या ५१ बायकांनी ऑक्टोबरात बहिष्काराच्या बाजूने सह्या केल्या. राजकारण माजघरापर्यंत आले होते. समित्यांची जुलूमशाही सोसणाऱ्या राजनिष्ठांनाही हा बदल चांगलाच जाणवला. १९ एप्रिल १७७५ला लेक्सिंग्टन आणि काँकर्डला रक्त सांडले. जुलैत काँग्रेसने राजाकडे शेवटचा विनंतीअर्ज धाडला. ऑगस्टमध्ये राजाने वसाहतींत बंड चालू असल्याचे जाहीर केले. तोवर सगळा राग पार्लमेंटवर होता, राजा मनाने आपला आहे अशी समजूत होती. १० जानेवारी १७७६ला थॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने ती उखडून टाकली. पेन जेमतेम सव्वा वर्षापूर्वी इंग्लंडहून आला होता. तिथे तो अबकारी खात्यातून काढून टाकलेला नोकर होता. ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

‘आम्ही’ म्हणजे कोण?

‘आमच्या संमतीशिवाय आमच्याकडून काही घेता येणार नाही’ या तत्त्वावर हे सगळे उभे राहिले. मग प्रश्न येतोच, हे ‘आम्ही’ कोण? तेरा वसाहतींच्या सुमारे २५ लाख वस्तीत पाच लाख माणसे गुलाम होती. चहा बुडण्याच्या अकरा महिने आधी, जानेवारी १७७३मध्ये, बोस्टन आणि परिसरातल्या गुलामांनी गव्हर्नर हचिन्सन आणि विधानसभेकडे अर्ज केला होता. आमच्याकडे मालमत्ता नाही, बायकामुले आमची नाहीत, गावही आमचे नाही, असे गाऱ्हाणे त्यात होते. सुटका मिळाली नाही. १७७५च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोरांच्या गुलामांपैकी जे राजाच्या फौजेत येतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले, आणि शेकडो गुलाम स्वातंत्र्याच्या शोधात राजाच्या बाजूला गेले. जाहीरनाम्याच्या मसुद्यात जेफरसनने गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा मजकूर घातला होता. काँग्रेसने तो काढून टाकला. मूळ रहिवाशांचा उल्लेख राहिला, पण क्रूर रानटी म्हणून. राजाने १७६३मध्ये घातलेली डोंगराची रेषा पुसली गेली, आणि ती पुसली जाणे हा त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याचा अर्थ होता.

यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही. मात्र ते म्हणणाऱ्याच्या अंगणापुरतेच राहिले, हे नोंदवले पाहिजे.

या घटनांचे पडसाद आपल्याकडेही होते. १७७३च्या ऑगस्टअखेर शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मार्च १७७५मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. लंडनच्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईचा युद्ध-तहाचा अधिकार कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणला होता. त्या जोरावर कलकत्त्याने हा तह अमान्य केला आणि १७७६मध्ये पुरंदरचा तह झाला. १७७७मध्ये नाना फडणिसांनी पुण्यात सेंट ल्युबिन या फ्रेंच वकिलाला ठेवून घेतले, तेव्हा फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरण्याच्या बेतात होता. वडगाव ते सालबाई या सगळ्या काळात इंग्रज दोन गोलार्धांत एकाच वेळी लढत होते.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो शंभर वर्षांनंतरचा धागा. पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणी वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्यांचा. चहा समुद्रात ओतणाऱ्यांचा तिथे उल्लेख नाही. बोस्टनच्या लोकांनी विचारले होते, आमच्यावर कर लावणारे तुम्ही कोण? तोच प्रश्न घराच्या आत, आपल्या माणसांना विचारायला अमेरिकेला आणखी नव्वद वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. फुल्यांनी त्या दुसऱ्या प्रश्नाला मान दिला. चहाच्या पेट्यांची गोष्ट पुढच्या पिढीला सांगताना ती स्वस्ताई-महागाईची म्हणून सांगू नये, आणि ती तिथेच संपली असेही सांगू नये, एवढे मला या अभ्यासातून वाटते.